औषधाच्या दुकानात परवान्याचं पिस्तूल: कुणाला न कळता दिवसभर कसं वागवायचं?

औषधवाली
नमस्कार मंडळी. बंदूक असावी की नसावी यावर इथे पूर्वी दोन धागे पेटून विझले आहेत, मला तिसरा पेटवायचा नाही. प्रश्न निव्वळ व्यवहाराचा आहे.

मी ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरात फार्मासिस्ट आहे. मोठ्या साखळीतलं नाही, एका वयस्कर गृहस्थांचं स्वतंत्र दुकान. रात्री नऊला बंद होतं आणि शेवटचे दोन तास मी आणि आमची टेक्निशियन, दोघीच असतो. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ऑक्सिकोडोनसारख्या गोळ्यांसाठी औषधाची दुकानं लुटली जातात, हे या धंद्यात कुणाला नवीन नाही. मालक स्वतः कित्येक वर्षं पिस्तूल बाळगतात. मी नागरिक झाल्यावर रीतसर शिकले, टेक्सासचं लायसन्स टू कॅरी म्हणजे एलटीसी काढलं आणि मग त्यांच्याशी बोलले. त्यांनी लेखी परवानगी दिली. अट एकच: कुणाला पत्ता लागता कामा नये. ना गिऱ्हाइकाला, ना टेक्निशियनला.

घोडं अडलंय ते इथे. वर्गात शिकवणारे आणि शिकणारे बहुतेक पुरुष, जीन्स आणि जाड पट्टेवाले. माझा पोशाख म्हणजे नाडीची स्क्रब पँट (दवाखान्यातल्या गणवेशाची), वर टॉप, त्यावर पांढरा कोट. कोट सैल आहे म्हणून निर्धास्त होते, पण वरच्या फळीवरची बाटली काढायला हात उंचावला की कोट आणि टॉप दोन्ही वर जातात. खालच्या कप्प्यासाठी वाकलं की मागे उंचवटा दिसतो. पर्समध्ये ठेवावं का? कोटाच्या खिशात? घोट्याला बांधावं? पिस्तूल सिग पी३६५ आहे, छोटंच. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, अनुभव सांगावेत.

रिकामी_खुर्ची
धागा पेटणार. जागा धरून ठेवतोय.

कमरपट्टा
ताई, प्रश्न चांगला मांडलात, सविस्तर लिहितो. डॅलसकडे असतो, बरीच वर्षं रोज अंगावर असतं.

आधी मनावरचं एक ओझं उतरवा. टेक्सासात २०१६ पासून परवानाधारकाला होल्स्टरमधलं, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानातलं, पिस्तूल उघडपणे बाळगता येतं. म्हणजे कोट सरकून कुणाला दस्ता दिसला तर तो इथे गुन्हा होत नाही. तुम्हाला जपायची आहे ती मालकाची अट. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी मात्र हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये, प्रत्येक राज्याचं वेगळं आहे.

आता लपवण्याचं. कपड्यातून दिसतो तो दस्ता. नळी कुणाला दिसत नाही. म्हणून लोक आखूड नळीचं पिस्तूल घेतात आणि तरी फुगवटा राहतोच. उलट पुढच्या बाजूला बाळगणाऱ्याला नळीची थोडी लांबी उपयोगी पडते, कारण खालचा भाग शरीराला टेकतो आणि दस्ता आत वळतो. चांगल्या होल्स्टरला एक छोटा पंजा असतो, त्याला क्लॉ म्हणतात. तो पट्ट्याला रेटा देऊन दस्ता पोटाकडे वळवतो. मागे फोमची पाचर लावली तर आणखी फरक पडतो.

जागा. कमरेभोवती घड्याळ कल्पा, बेंबी बारावर, उजवं कंबरेचं हाड तीनवर. तुम्ही बहुधा चारच्या आसपास लावताय, म्हणून वाकल्यावर पाठीमागे उठून दिसतं. साडेबारा-एकच्या जागी, ज्याला अपेंडिक्स म्हणतात, तिथे लावलं तर वाकताना कपडा पिस्तुलापासून सुटतो. हात वर करण्याचा प्रश्न उरतो. त्यासाठी आत लांब बनियन खोचून वर टॉप सैल ठेवा आणि टॉप एक माप लांब घ्या. कोटाच्या भरवशावर राहू नका, उकडलं की पहिला कोटच निघतो.

अपेंडिक्सला एक पथ्य आहे. नळी कुठे रोखलेली असते हे लक्षात घेतलंत तर होल्स्टर स्वस्तातला घ्यायची इच्छाच होणार नाही. ट्रिगर पूर्ण झाकणारा कायडेक्सचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, साचा हवा. पिस्तूल होल्स्टरमध्ये घालताना कपड्याचं टोक, नाडी, कोटाची दोरी काही आत जात नाही ना हे डोळ्यांनी बघून, सावकाश घालायचं. त्यात घाई कधीच नको. शक्य असेल तर होल्स्टर अंगावर नसतानाच पिस्तूल त्यात बसवायचं आणि मग दोन्ही मिळून अंगावर चढवायचं.

नऊवारीतली_वाघीण
नाडीच्या पँटवर क्लिपचा होल्स्टर अडकवू नका हो ताई, दोन तासांत पँट एका बाजूने खाली येते. मी दातांच्या दवाखान्यात आहे, टेनेसीत, स्क्रबच घालते. माझ्याकडे एनिग्मा नावाचा प्रकार आहे. तो पँटला लागतच नाही. त्याचा स्वतःचा पातळ पट्टा असतो, तो थेट अंगावर, पँटच्या आत, आणि होल्स्टर त्याला जोडलेला. वर साडी नेसा की स्क्रब घाला, काही फरक नाही. नीट बसवायला वेळ लागतो, पट्टे इकडचे तिकडे करत बसावं लागतं, पण एकदा बसला की विसरायला होतं.

पोटाला गुंडाळायचे इलॅस्टिकचे पट्टे मिळतात ते स्वस्त आहेत, पण नुसत्या कापडात ट्रिगर झाकला जात नाही, बाहेरून दाबला जाऊ शकतो. घ्यायचाच तर आत कडक कवच असलेला घ्या.

कोटाचा खिसा: नको. त्यात पेनं, मार्कर, फोन. शिवाय कोट खुंटीला टांगून जेवायला गेलात की संपलं.

घोटा: खाली बसल्यावर स्क्रबची पँट वर जाते आणि मोज्यावरचा ऐवज जगजाहीर. काढायलाही गुडघ्यावर बसावं लागतं.

पर्स: यावर सगळ्यांत जोरात नको. पर्स आपण ठेवतो, विसरतो, दुसऱ्याच्या हाती देतो. आयडाहोत हेडन गावी डिसेंबर २०१४ मध्ये एक आई दुकानात खरेदी करत होती. पर्स बाळाजवळ ट्रॉलीत. दोन वर्षांच्या मुलाने पर्समधलं पिस्तूल काढलं आणि आई जागीच गेली. ती परवानाधारक होती, रोज बाळगणारी होती.

कमरपट्टा
एनिग्माचं सुचायला हवं होतं. ताई, वाघीणबाईंचंच ऐका, स्क्रबला तेच उत्तर आहे.

विमानवेडा
पर्स-बॅगवाल्यांसाठी माझ्याकडूनही. २०२४ मध्ये विमानतळांवरच्या तपासणीत टीएसएला, म्हणजे तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याला, ६,६७८ बंदुका सापडल्या, त्यातल्या सुमारे ९४ टक्के भरलेल्या होत्या. अटलांटा दरवर्षी यादीत वर असतं. ‘बॅगेत आहे हे विसरलो’ हेच बहुतेकांचं उत्तर. दंड हजारो डॉलरांत जातो आणि प्रीचेकची, म्हणजे झटपट तपासणीच्या रांगेची, पात्रता काही वर्षांसाठी जाऊ शकते. न्यायची असेल तर रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर सांगून. ऑफिसची बॅग आणि प्रवासाची बॅग एकच असणाऱ्यांनी बॅगेत कधीही ठेवू नये.

एच१बी_चा_वाटसरू
छान माहिती. मीही डॅलसलाच आहे, एच-१बीवर. टेक्सासात आता परवान्याशिवायच बाळगता येतं ना? मग मी घेतलं तर चालेल का? ऑफिसला जाताना हायवेवर सेफ वाटेल.

कलमकसाई
थांबा. तसेच थांबा.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय बाळगता येतं हे खरं, पण त्याला शेपूट आहे: ज्याला कायद्याने बंदूक बाळगायला मनाई नाही अशा माणसाला. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्याचं कलम ९२२(जी)(५) नॉनइमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई करतं. एच-१बी, एल-१, एफ-१, बी-२ सगळे त्यात आले. २०२२ पासून या कलमाची कमाल शिक्षा १५ वर्षं कैद आहे. रेंजवर भाड्याची बंदूक घेऊन चार फैरी झाडणं यालाही बाळगणंच म्हणतात. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांना एक अपवाद आहे, पण त्या दाराने आत शिरायचं असेल तर आधी इमिग्रेशनचा आणि फौजदारीचा असे दोन वकील गाठा, धागा वाचून जाऊ नका.

घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसरा एच-१बीवर अशी जोडपी इथे पुष्कळ आहेत. बंदूक ग्रीन कार्डवाल्याची असली तरी दुसऱ्याला कपाटाची किल्ली किंवा तिजोरीचा कोड माहीत असेल तर ताबा दोघांचा, असं सरकारी वकील म्हणू शकतो. कोड सांगूच नका.

ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता येते. फक्त एवढं लक्षात ठेवा की बंदुकीशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलात तर तो हद्दपारीचा स्वतंत्र आधार आहे. नागरिकाला जे दंडावर निभावतं त्यात तुमचं इथलं बस्तान उठू शकतं. ‘आधी नागरिक झाले आणि मग घेतलं’ हा औषधवाली ताईंचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला.

आणि गांजा. तुमच्या राज्यात तो दुकानात मिळत असेल, पण फेडरल कायद्याला ते मान्य नाही. बंदूक घेताना भरायच्या ४४७३ या फॉर्मवर गांजा घेता का हा प्रश्न इशाऱ्यासकट छापलेला आहे. तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

एच१बी_चा_वाटसरू
बाप रे. मित्राबरोबर रेंजवर जायचा बेत होता या शनिवारी. रद्द. कलमकसाई, खूप आभार.

मनमौजी_मावळा
एवढा ऊहापोह कशाला? आमच्या आयटी कंपनीच्या हँडबुकात बंदी आहे. असू दे की. कन्सील्ड म्हणजे लपवलेलं ते लपवलेलंच. कळलं तर ना! मेल्यावर एचआरला काय मेल पाठवणार?

कलमकसाई
मावळे, राज्य सांगितलं नाहीत, मी टेक्सास धरून लिहितो.

इथे खाजगी जागेचा मालक राज्याच्या कायद्यातल्या ३०.०६ या कलमाच्या मजकुराची सूचना देऊन परवानाधारकाला आत पिस्तूल आणायला मनाई करू शकतो. सूचना म्हणजे दारावरची पाटीच असली पाहिजे असं नाही. तो मजकूर छापलेलं कार्ड किंवा कागद तुमच्या हातात दिला असेल तर तीही सूचना. तुमच्या हँडबुकात नेमकं तेच छापलेलं असेल आणि खाली तुमची सही असेल, तर तुम्ही नियमभंगाच्या पुढे जाऊन ट्रेसपासिंग, म्हणजे बेकायदा प्रवेश, करताय. पहिल्या पायरीवर दंड २०० डॉलरपर्यंत, पण तोंडी सांगूनही बाहेर गेला नाहीत तर गुन्ह्याची पायरी एकदम वर चढते. तसा मजकूर नसला तरी नोकरी जायला कायदा मोडावा लागत नाही, धोरण मोडलं की पुरे.

आणि कळतं हो. कळण्याचे प्रसंग ठरलेले असतात: चक्कर येऊन पडणं, कुणी हौसेने मिठी मारणं, अचानक अँब्युलन्स येणं.

कायद्याने तुम्हाला एक गोष्ट मात्र दिली आहे. टेक्सासात २०११ पासून कंपनी कर्मचाऱ्याला पार्किंगमधल्या स्वतःच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक ठेवायला मनाई करू शकत नाही. काही रासायनिक कारखाने वगैरे अपवाद आहेत. याची सुरुवात ओक्लाहोमाची. तिथे २००२ साली एका कागद कारखान्याने पार्किंगमधल्या गाड्या तपासून, बंदुका सापडल्या म्हणून कामगारांना काढलं. त्यावर गदारोळ होऊन २००४ मध्ये कायदा झाला, मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००९ मध्ये अपील कोर्टाने कायदा उचलून धरला. फ्लोरिडाने २००८ मध्ये असाच कायदा केला. म्हणजे धोरण पाळून येण्याजाण्याच्या वाटेवर बाळगण्याची सोय आहे. ती सोडून आत न्यायचा हट्ट कशाला?

कमरपट्टा
गाडीत ठेवणाऱ्यांनी ग्लोव्ह बॉक्सला तिजोरी समजू नये. चोरीच्या बंदुकांत गाडीतून गेलेल्यांचा वाटा फार मोठा आहे आणि चोर पिस्तुलाचा स्टिकर बघून गाडी निवडतात. सीटखाली केबलने बांधलेली पोलादी पेटी घ्या. स्टिकर लावू नका. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोहोचल्यावर काढाकाढी करू नका, बघणारे बघतात.

खडूस_काका
ताईंनी नको म्हटलं तरी बोलतो, नावाला जागायला हवं.

मी न्यू जर्सीत आहे. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा ब्रुएन निकाल येईपर्यंत इथे सामान्य माणसाला बाळगण्याचा परवाना जवळजवळ मिळतच नसे. आम्ही जगलोच की. आता मिळतो, आणि शेजारचे दोघे घेऊन बसलेत.

२०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली, त्यातल्या २७,३०० आत्महत्या. कामाच्या जागी त्याच वर्षी खून झाले ४५८. आकडे शेजारी शेजारी ठेवा. तुम्ही दुकानातल्या लुटारूच्या भीतीने जी वस्तू घेता ती रात्री घरी येते. घरात वयात आलेला मुलगा असेल, कुणी निराशेत असेल, तर धोका कुणाला जास्त, हे सांगायला मला फार्मासिस्ट व्हावं लागत नाही.

औषधवाली
काका, राग नाही. घरी पोलादी तिजोरी आहे, बोटाच्या ठशाची, घरी गेल्यावर पहिलं काम तेच. पण २७,३०० हा आकडा नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, पुतण्या कॉलेजसाठी राहायला येईल तेव्हा पुन्हा बोलू. तेही खरंच.

अटलांटाचा_भाऊ
मी जॉर्जियात एका कन्व्हिनियन्स स्टोअरच्या काउंटरमागे अर्धं आयुष्य घालवलंय. माझ्याकडेही आहे, ड्रॉवरमध्ये नाही, अंगावर. तरी ताईंना जे सांगतो ते पिस्तुलाबद्दल नाही.

लुटारू आला तर तो आधीच तुमच्यावर रोखून उभा असतो. तुमचा हात कोट, टॉप, बनियन इतके थर पार करणार तोवर काय काय होईल याचा विचार करा. औषधांचा विमा असतो. बाटल्या द्या, गल्ला द्या, जाऊ द्या. पिस्तूल अशा वेळेसाठी, की मागितलेलं सगळं देऊनही तो तुम्हाला मागच्या खोलीत न्यायला लागलाय. टेक्सासचा कायदा मालमत्तेसाठी काय काय करू देतो ते मला माहीत आहे, म्हणून काय सगळंच करायचं? गोळी झाडल्यावर दुकान बंद, वकील चालू.

आणि दुकानच असं करा की तो दुसरीकडे जाईल. काचेवरचे पोस्टर काढा, रस्त्यावरून काउंटर दिसला पाहिजे. पार्किंगचे दिवे. दारात कॅमेरा, चेहऱ्याच्या उंचीवर. छतावरचा कॅमेरा फक्त टोप्या टिपतो. औषधवाल्यांसाठी टाइम-डिले तिजोरी मिळते. कोड दाबल्यावर काही मिनिटं उघडतच नाही, कुणी कितीही धमकावलं तरी. दारावर ठळक पाटी लावायची. मोठ्या साखळ्यांनी हेच केलंय.

आता खरी अडचण. तुमच्या टेक्निशियनला माहीत नाही. ती घाबरून तुमच्या आणि त्याच्या मधोमध आली तर? तुम्ही पिस्तूल काढलंत आणि ती त्याच क्षणी उठून पळाली तर? दोघींनी आधी ठरवलेलं असावं लागतं की तू खाली बसायचं आणि बसूनच राहायचं. तिला न सांगता हे कसं ठरवणार?

नऊवारीतली_वाघीण
भाऊ, हे कुणी बोललंच नव्हतं.

मनमौजी_मावळा
पण तिला सांगितलं की ती बॉयफ्रेंडला सांगणार, तो आणखी कुणाला. उद्या त्या पिस्तुलासाठीच कुणी येईल. मालकाची अट बरोबर आहे.

अटलांटाचा_भाऊ
मावळे, हेही खरं. पण तिला नाही सांगितलं तर ती तिच्या नकळत या जुगारात आहे. तिला नको असेल तर तिला दुसरी पाळी मागता आली पाहिजे. माझ्या पोऱ्याला मी कामावर ठेवायच्या आधी सांगतो. एक-दोघे आले नाहीत परत. ठीक आहे.

कलमकसाई
भाऊंना अनुमोदन. कायद्याच्या बाजूने आणखी दोन प्रश्न मालकांना विचारा. दुकान भाड्याचं असेल, तर भाडेकरारात शस्त्राबद्दल काही आहे का? आणि धंद्याच्या विम्यात कर्मचाऱ्याने बंदूक वापरल्यास काय होतं? मालकाने स्वतः बाळगणं आणि पगारी माणसाला लेखी परवानगी देणं यात विमा कंपनी फरक करू शकते. तुमच्या हातातला तो कागद तुमच्या उपयोगाचा आहे, त्यांच्या उपयोगाचा आहे का ते त्यांनी बघायला हवं.

चुंबकबाबा
मी इस्पितळात एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट. धागा वाचून राहवलं नाही. जे कामाच्या जागी बाळगतात त्यांनी डॉक्टरकडे, लॅबमध्ये, कुणाला सोबत म्हणून जाताना कमरेचा विचार करा. २०२३ च्या जानेवारीत साओ पाउलोत एक वकील आईला स्कॅनसाठी घेऊन आला. लोखंडी वस्तू काढायला सांगूनही कमरेचं पिस्तूल त्याने काढलं नाही. चुंबकाने ते खेचलं, गोळी सुटली, पोटात लागली, काही आठवड्यांनी तो गेला. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये एका बाईला स्कॅनच्या वेळी लपवलेल्या पिस्तुलाची गोळी नितंबाला लागली, ती वाचली. आमच्या फॉर्मवर ‘अंगावर धातू आहे का’ असं विचारलेलं असतं आणि लोक सवयीने नाही लिहितात. रोज बाळगणाऱ्याला ते अंगावर आहे हे जाणवेनासं होतं.

नऊवारीतली_वाघीण
बरं, बाबालोक सांगत नाहीत ते मी सांगते. बाथरूम.

ताई, पिस्तुलं तिथे विसरली जातात. वॉशिंग्टनमध्ये संसदेची राखण करणाऱ्या कॅपिटल पोलिसांची भरलेली पिस्तुलं बाथरूममध्ये सापडली होती, २०१५ मध्ये बातम्या आल्या. त्यातलं एक लहान मुलाला सापडलं. हे प्रशिक्षित अंगरक्षक! त्यामुळे फ्लशच्या टाकीवर, खुंटीवर, जमिनीवर, कुठेही ठेवायचं नाही. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. एनिग्माचा फायदा तिथेही आहे: पट्टा अंगावरच राहतो, पँट खाली गेली तरी पिस्तूल जागेवर. पट्टेवाल्यांनी पँट गुडघ्याच्या वर धरून ठेवावी, नाहीतर शेजारच्या केबिनमधल्या बाईला दाराखालून दर्शन होतं.

कमरपट्टा
हे मी लिहायला संकोचलो होतो, बरं झालं लिहिलंत.

त्यावरूनच एक. लोक लपवण्याचा विचार कपड्यांच्या अंगाने करतात. माझं मत असं की बहुतेकांचं बिंग फोडतो तो स्वतःचा हात. दर दहा मिनिटांनी कोपराने चाचपणं, टॉप ओढणं, खुर्चीतून उठताना कंबर सावरणं. सराईत पोलीस आणि सराईत चोर दोघंही तेच बघतात. घरी रिकाम्या पिस्तुलासह, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, आठवडाभर पूर्ण पोशाखात वावरा. भांडी घासा, वरची फळी गाठा, जमिनीवर बसून उठा, फोनवर चित्रण करा. जिथे हात आपोआप जातो तिथे होल्स्टरची उंची किंवा कोन चुकलाय. ते दुरुस्त करा, हात जायचा थांबतो. वाकताना कमरेतून नाही, गुडघ्यातून. सकाळी अंगावर चढवलं की रात्री तिजोरीपर्यंत हात नाही.

औषधवाली
सकाळी चढवलं की रात्रीपर्यंत नाही हे बरोबर, पण मुलीला शाळेतून आणायचं असतं मधल्या सुट्टीत. तिथे काय?

कलमकसाई
शाळेच्या इमारतीत नाही म्हणजे नाही. फेडरल कायद्यात शाळेभोवती १,००० फुटांचं क्षेत्र आहे, पण ज्या राज्यात शाळा आहे त्याच राज्याचा परवाना असणाऱ्याला त्यातून सूट आहे. परवान्याशिवाय बाळगता येत असूनही एलटीसी काढावं ते यासाठीच. तुम्ही गाडीतून रांगेत उभं राहून मुलीला घेणार असाल तर गाडीतच राहा. आत जायचं असेल तर आधी, शाळेपासून दूर, होल्स्टरसकट काढून पेटीत. सरकारी फेडरल इमारती, पोस्ट ऑफिस, कोर्ट हीही यादी डोक्यात ठेवा. निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूवर असलेल्या जागी लाल ‘५१%’ पाटी असते, तिथेही नाही. राज्याबाहेर जाताना त्या राज्याला टेक्सासचं एलटीसी चालतं का ते बघा. काकांच्या न्यू जर्सीला कुणाचंच चालत नाही, आणि तिथे पोकळ टोकाच्या गोळ्यांचे नियमही वेगळे आहेत.

खडूस_काका
न्यू जर्सीला या, पण मोकळ्या कमरेने या. जेवायला घालीन.

रिकामी_खुर्ची
काका विरघळले. नोंद घ्यावी.

औषधवाली
सगळ्यांना एकत्रच लिहिते.

मालकांशी बोलले. भाऊंचा मुद्दा सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की टेक्निशियनला ते स्वतःच सांगतील, मी सांगू नये. सांगितलं. तिची पहिली प्रतिक्रिया ‘मला वाटलंच होतं’ अशी होती, म्हणजे माझं लपवणं किती यशस्वी होतं ते कळलं असेल तुम्हाला. तिने दोन अटी घातल्या. ती कॅश रजिस्टरच्या बाजूला असताना मी त्या बाजूला रोखायचं नाही, आणि कुणी बाटल्या मागितल्या तर आधी बाटल्या द्यायच्या. दोन्ही मान्य. संध्याकाळच्या पाळीसाठी ती राहतेय.

विमा एजंटला मालकांनी मेल केलाय, उत्तर यायचंय. ते येईपर्यंत माझं पिस्तूल गाडीतल्या पेटीत, दुकानात नाही, असं आम्ही ठरवलं. टाइम-डिले तिजोरीचे दोन कोटेशन मागवलेत. काचेवरचे फ्लूच्या लसीचे पोस्टर मी स्वतः काढले. एनिग्मा मागवलाय. आल्यावर घरी फरशी पुसून बघते.

नऊवारीतली_वाघीण
आल्यावर मेसेज टाका, पट्टे कसे लावायचे ते व्हिडिओ कॉलवर दाखवते. सूचनापत्रक वाचून काही कळत नाही.

नव्या_वाटेची_नीलू
उशिरा आले. मीही टेक्सासातच, नुकतीच नागरिक झाले. एलटीसीच्या परीक्षेत किती लांबून मारावं लागतं? चष्मा आहे, जमेल का?

कमरपट्टा
५० फैरी. २० तीन यार्डांवरून, २० सात यार्डांवरून, १० पंधरा यार्डांवरून. २५० पैकी १७५ गुण पुरतात. पंधराचे सगळे चुकले तरी जवळचे नीट लागले तर पास होता. वर्ग चार ते सहा तासांचा, तो भाग ऑनलाइनही होतो, अर्जाची फी ४० डॉलर. चष्मा घालूनच जा आणि त्यावरून रेंजचा संरक्षक चष्मा लावायला सांगतील, तो मोठ्या मापाचा मागा.